लिंबाखालची वजरी

४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद पाठवते आहे. ते कुठे ठेवलेस एवढं तरी विसरू नकोस. तू गेल्यावर घरात सापडलेला माल असा : छत्री, एक मोजा, चष्म्याचं घर, आणि ‘पोचल्या पोचल्या कळवते गं आजी’ हे वाक्य. ते अजून उंबऱ्यातच पडलंय, येता-जाता पायात येतं.

फोन करू नकोस. फोनवर मी ओरडते, तू ‘हं, हं’ करतेस, आणि दोघींना वाटतं बोलणं झालं. पत्र बरं. पत्रात तुला मध्येच ‘ठेवू का’ म्हणता येत नाही. मी सांगते, तुझी धाकटी आजी लिहिते. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं ती स्वतःच सांगते; मला काय, मोती आणि मोहरी सारखीच.

आता मुद्द्याचं. माझी वजरी कुठाय?

न्हाणीतल्या कोनाड्यात असायची ती. लाल, जाड, वर धरायला तुटक्या मुठीचं बोंडूक. तू गेलीस त्या दिवसापासून ती नाही. आधी मी धाकटीवर संशय घेतला. जावेवर संशय घेण्याची सवय जुनी आहे, ती मोडवत नाही. बादल्या पालथ्या घातल्या, नळामागे हात घातला. मग आठवलं, निघायच्या दिवशी तू तोंड धुवायला गेलीस ती बाहेरच येईना. मी डोकावले तर साबणाने माखलेलं तोंड घेऊन खिडकीत उभी, हातात माझी वजरी, आणि ‘आजी, ही कुठली गं?’ मी म्हटलं, ‘लिंबाखालची.’ तेव्हाच ओळखायला हवं होतं. स्वतःच्या टाचांकडे कधी न बघणारी मुलगी दुसऱ्याच्या वजरीकडे इतक्या मायेने का बघेल?

परत पाठव. माझ्या टाचांना भेगा पडायला लागल्या. धाकटीने औषधाच्या दुकानातून एक गुलाबी दगड आणलाय, त्याने टाच घासली जात नाही, नुसत्या गुदगुल्या होतात. या वयात कोण हसतंय टाचेला!

(धाकटीची भर : तो दगड गुलाबी नाही, करडा आहे, आणि चांगला महाग आहे. हे मी वाचून दाखवणार नाही.)

आणि तुझ्या नोकरीचं काय? मुदत जूनअखेर संपते म्हणालीस. पुढे?

आजी

११ मार्च

प्रिय आजी,

चोर मीच. पण मी विचारलं होतं. तू शेजारणीच्या सुनेचं सांगत होतीस, मी मध्ये म्हटलं, ‘ही नेऊ का?’ आणि तू म्हणालीस, ‘ने गं, तिला काय कळतंय!’ मी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं.

आता बस आणि मग ऐक. तुझी वजरी रोमन आहे.

म्हणजे दोनएक हजार वर्षांपूर्वीची. रोमन लोक दारू भरून जहाजांतून दूरदूर, पार आपल्या बाजूपर्यंत पाठवायचे ते उंच, निमुळत्या बुडाचे, दोन कानांचे घडे. त्यांना संग्रहालयातल्या आमच्या खोलीत अँफोरा म्हणतात. तुझं बोंडूक म्हणजे त्याचा कान. तुझ्या लक्षात आलंय का, ती मूठ एकसंध नाही? दोन बोटं शेजारी शेजारी चिकटवावीत तशा दोन दांड्या आहेत. त्या घड्यांच्या एका जातीचे कान असेच असतात. पण मी ओळखलं ते त्यावरून नाही. ती ओली होती म्हणून ओळखलं. कोरडी असती तर नुसतं लाल खापर दिसलं असतं. ओल्यात काळे दाणे लकाकले, जाड्या साखरेसारखे, पण काळे. ती ज्वालामुखीच्या पायथ्याची वाळू आहे, कुंभाराने मातीत मिसळलेली. म्हणूनच तुझ्या टाचा इतक्या छान निघायच्या. तू आगीच्या डोंगरावर पाय घासत होतीस!

इथे आल्यावर पकडीने तिचा तांदळाएवढा कण तोडला (ओरडू नकोस), आतली ताजी माती भिंगाखाली धरली, आणि नमुन्यांच्या खणातल्या तुकड्यांशी ताडून पाहिली. जुळली. मग मऊ ब्रशने धुतली, जाळीवर वाळवली, वजन केलं. सुयांची एक फणी असते, ती खापरावर दाबली की सुया मागे सरून त्याचा उतार धरतात. तो उतार कागदावर काढला. आतल्या बाजूला कोपऱ्यात पारदर्शक लाखेचा हात, त्यावर बारीक नंबर, वर पुन्हा लाख. एवढं झालं की खापर हरवत नाही. माझ्यासारख्या मुलीकडूनसुद्धा.

पण एक अडलंय. कुठे, किती खोल, कोणाला सापडली हे नसेल तर नोंद लंगडी. तू धाकट्या आजीकडून सगळं लिहवून घे आणि खाली अंगठा दे. पुढच्या महिन्यात खापरबाई येणार आहेत. हे नाव आमच्या खोलीनेच ठेवलंय. एवढंसं खापर हातात घेऊन त्या घड्याची उंची सांगतात. एकच कायम जागा आहे, आणि ती कोणाला द्यायची हे आमचे साहेब त्यांना विचारून ठरवणार. आपणहून ओळखलेलं माझं हे पहिलंच खापर आहे, आजी. नीट आठव.

कार्डावर ‘वापर’ असा एक रकाना आहे. तो तूर्त कोरा ठेवलाय.

सोबत टाचांची कानस पाठवली आहे.

तुझी भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस,

कानस मिळाली. धाकटी तिच्यावर आलं किसते. उत्तम किसते म्हणे.

म्हणजे मी जन्मभर दारूच्या बाटलीवर टाचा घासल्या! आणि तुझे आजोबा त्याच न्हाणीत रोज आंघोळ करून बिचारे कोरडेच बाहेर आले. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी ती वजरी उलटी धरून हलवून पाहिली असती.

तुला हवी ती हकिगत वेगळ्या दोन पानांवर लिहवून, दुसऱ्या पानाखाली अंगठा देऊन सोबत पाठवली आहे. पण ती कोरडी आहे, धाकटीने शाळेच्या निबंधासारखी केली. खरी अशी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, लिंबू कुंपणाशी लावा. यांनी न्हाणीच्या भिंतीशी खणायला घेतलं, कारण मी कुंपणाशी म्हटलं होतं. यांच्या गुडघ्याएवढं खोल गेल्यावर फावडं ठणकन वाजलं. यांना वाटलं हंडा. चेहरा असा फुलला! निघालं खापर. आणखी पाचसात तुकडे होते. हे रागाने फेकत होते, मी म्हटलं खड्ड्याच्या तळाला घाला, पाणी निचरेल. तेवढं एक मी हातात घेतलं. मूठ माझ्या मुठीत अशी बसली, जणू मापाने केली असावी. धुतलं आणि कोनाड्यात ठेवलं. बाकीचे अजून लिंबाच्या पायाखाली असतील.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, आंघोळीआधी, पाय पाटावर घेऊन. हे दुसऱ्या पानावर आहे. तिथेच अंगठा आहे. मनगट मोडलं त्या वर्षापासून डाव्या हाताने घासते, उजवा वळत नाही, तेही सांगितलंय. तुझा कोरा रकाना आता भर. लाजू नकोस, टाचा सगळ्यांना असतात, साहेबांनाही असतील.

एक विचारायचंय. धाकटी लिहिताना मध्येच एक वळसा असा आणि एक वळसा तसा काढते, आणि त्या दोन वळशांच्या मधलं मला वाचून दाखवायला विसरते. ते काय असतं?

(धाकटीची भर : मी ‘शोभेसाठी’ म्हणून सांगितलंय. तूही तेच सांग. तिने गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलंय की नात आपली वजरी मांडून ठेवणार आहे. बायका टाचा बघायला येतात.)

आजी

१४ एप्रिल

प्रिय आजी,

(शोभेसाठीच असतात ते वळसे.)

किती सांगू! खापरबाई आल्या. माझ्या टेबलावर आधी सगळे ट्रे बघून झाले, शेवटी तुझा तुकडा हातात घेतला आणि तो खाली ठेवीचनात. ओळख बरोबर, माती बरोबर, घडा बरोबर. आणि मग भिंग लावून तुटकी कड बघायला लागल्या.

‘ही झीज बघ,’ म्हणाल्या. ‘नुसती झीज नाही ही. हा घडा फुटल्यावर कोणीतरी या तुकड्याचं हत्यार केलं. कातडं घासून मऊ करायला. बसून, कायम त्याच कोनातून. किती वर्षं केलंय याने हे! आणि इकडे बघ, मधून उतार बदलतो. आधी उजवा हात, मग डावा. दोन माणसं. बाप गेला, मुलगा बसला, आणि मुलगा डावखुरा.’

असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, आजी. नव्या दालनातली पहिली काचपेटी या तुकड्याला देणार. पाटीवर ‘दोन पिढ्यांचं हत्यार’. त्यावर लेख लिहायचा, त्यात त्यांच्या नावाशेजारी माझं नाव. साहेब त्यांच्या मागे उभे होते. ते मला म्हणाले, ‘आता जूनचा घोर सोडा.’

मग बाईंनी विचारलं, ‘घरात याचं काय करायचे?’

आणि मी म्हटलं, ‘काही नाही. ठेवलं होतं.’

तोंडातून निघून गेलं. सगळे इतके आनंदात होते. त्या क्षणी ‘टाचा’ हा शब्द माझ्याच्याने उच्चारवेना. तुझ्या हकिगतीचं पहिलं पान, लिंबाच्या खड्ड्याचं, मी फाइलला लावलं आहे. दुसरं माझ्याकडेच आहे. नीट ठेवलंय.

तेवढं कृपा करून कोणाला काही बोलू नकोस. गल्लीतल्यांना सांग, वेगळी कुठली तरी वजरी होती. फक्त जूनपर्यंत.

तुझी भिंगरी

२२ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझं पत्र धाकटीने वाचलं. ‘बाप गेला, मुलगा बसला’ इथे मी जी हसायला लागले ती थांबेना. धाकटीही हसायला लागली, तिचा चष्मा वरणात पडला. तुझ्या खापरबाईला माझा नमस्कार सांग. बाई बुद्धीची आहे. उजवा हात आधी, डावा मागून, बसून, कायम त्याच कोनातून : यातलं एक अक्षर चूक नाही. फक्त बाप म्हणजे माझा उजवा हात, मुलगा म्हणजे डावा, आणि कातडं माझंच. चूक काय ती दोन हजार वर्षांची. एवढं इकडेतिकडे होणारच.

हसून झाल्यावर मी उठून न्हाणीतला रिकामा कोनाडा पुसून आले. ते लिहू नकोस म्हटलं तर धाकटी म्हणाली, लिहिणार.

तुला माहीत आहे, मला लिहिता येत नाही. बँकेत अंगठा, दवाखान्यात अंगठा. अंगठा काय, कोणाचाही घ्या आणि दाबा, माणूस कसा आहे ते त्यात दिसत नाही. आणि कोण कुठली एक बाई येते, मला कधी बघितलेलं नाही, खापराची कड बघते आणि सांगते की ही बसायची कशी, हात कधी बदलला, किती चिवटपणे करत राहिली. माझं म्हणून कोणी काही वाचलं असेल तर ते एवढंच, बाळ. आणि तू त्याखाली दुसऱ्याचं नाव घातलंस. एका बाप-लेकाचं. ते झालेही नाहीत.

मी तुझं नाव सांगणार नाही. गल्लीला सांगितलंय की माझी वजरी हरवली. हे बोलताना मला किती जड गेलं ते तू समजू शकतेस, कारण तू मला गप्प बसलेलं कधी बघितलं नाहीस.

काचेला कुलूप लागायच्या आत काय ते बघ. नोकरी तुझी, तोंड तुझं. मी मध्ये पडणार नाही.

(धाकटीची भर : चार दिवस तिने कोणाचीही नक्कल केलेली नाही. मी खोकल्याचं औषध देऊन पाहिलं.)

आजी

२८ मे

प्रिय आजी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं मी काही केलंच नव्हतं. पाटी छापून आली. ती मीच तपासली, एकही चूक नव्हती, आणि सगळीच चूक होती.

दालन उघडायच्या आदल्या दुपारी खापरबाई पेटीत तुझा तुकडा बसवत होत्या. खाली छोटी तिकटी, त्यावर तो कड वर करून. प्रकाश असा पडला होता की झिजलेला भाग उजळून निघाला. मी मागे कुलूप धरून उभी.

‘बाई, एक सांगायचंय.’

‘सांग की. जरा डावीकडे सरक, सावली पडते.’

‘ती झीज रोमन नाही.’

‘मग कोणाची आहे?’

‘माझ्या आजीची.’

त्या वळल्या. ‘आजी कातडं घासायची?’

‘हो. स्वतःचं. टाचांचं.’

मग सगळं सांगितलं. लग्नानंतरचा खड्डा, आठवड्यातून दोनदा, पाट, मोडलेलं मनगट. बाईंनी पेटीत हात घातला. तुकडा उचलला, मला घेऊन खापरं धुवायच्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या, सपात काढली, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला, आणि तुकडा टाचेला न लावता नुसता वर धरून हात फिरवला. आधी उजव्याने. मग डाव्याने. तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन दारात.

‘काय चाललंय?’

‘खात्री,’ बाई म्हणाल्या.

साहेब गेल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘कधीपासून माहीत होतं?’

‘पहिल्यापासून.’

‘निवेदनाला अंगठा नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं. मी विचारलं नाही, कारण मला माझे बाप-लेक आवडले होते. ती चूक माझी. पण खापराने मला फसवलं नाही. तू फसवलंस.’

मी दुसरं पान आणून दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, फाइलला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेल्या. माझा निरोप न घेता.

पहिली पेटी रिकामीच उघडली. लोक थांबून आत बघतात आणि पुढे जातात. साहेबांनी जागेबद्दल विचारल्यावर ‘बघू’ म्हटलं. त्यांचं ‘बघू’ कसं असतं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. जूनअखेर बहुधा तुझ्याकडेच येईन, सगळ्या मोज्यांसकट.

वाईट वाटतंय, पण झोप लागते आहे. गल्लीला खरं सांगून टाक.

तुझी भिंगरी

६ जून

चि. भिंगरीस,

ये. खोली झाडून ठेवली. गल्लीलाही खरं सांगून टाकलं. मोजे मोजूनच आत घेणार.

पण त्याआधी ऐक, आमच्याकडे काय झालं. मंगळवारी दारात एक बाई. डोक्यावर एवढी मोठी टोपी, खांद्यावर पिशवी, चपला धुळीच्या. मला वाटलं गॅसवाल्यांची तपासणी. म्हणाली, ‘मी तुमच्या टाचा बघायला आले.’

मी म्हटलं, ‘रांगेत या. सकाळपासून तुम्ही तिसऱ्या.’

हसली. दात छान आहेत. तेव्हा तिने सांगितलं की ती खापरबाई. मी तिला सरळ न्हाणीत नेलं. तिने मला पाटावर बसवलं, हातात एक लाकडाचा ठोकळा दिला, म्हणाली, ‘नेहमी करता तसं करा.’ मी करत होते आणि ती खाली फरशीवर बसून माझ्या टाचेचं चित्र काढत होती. माझ्या टाचेचं! लग्नात माझा एक फोटो नीट निघाला नाही, आणि टाचेची तीन चित्रं. पुढून, बाजूने, आणि कापून दाखवतात तसं. मी म्हटलं, प्रत्यक्ष कापणार नसाल तर काढा.

(धाकटीची भर : दोघी दीड तास आत होत्या. मी दाराबाहेर उभी होते, कारण कोणीतरी साबण द्यायला हवा होता.)

मग चहा घेताना मी विचारलं, ‘तुमचे बाप-लेक गेले, वाईट वाटलं असेल.’

‘दोन दिवस सुतक होतं,’ म्हणाली. ‘तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. आजी, माझ्याकडे झिजलेली खापरं पोत्याने आहेत. कोणी झिजवली, कशावर, किती वर्षं, सगळे माझे अंदाज. विचारायला माणूस उरलेला नाही. तुमचं एकच खापर असं आहे की ज्याचं माणूस चहा पितंय. कोणत्या वर्षी हात बदलला तेसुद्धा माहीत. आता बाकीची याच्याशी ताडून बघता येतील. हे माझं माप झालं.’

मला सगळं कळलं असं नाही, पण आपण कशाचं तरी माप झालो हे कळलं.

मग तुझा विषय. तिने काढला नाही, मीच काढला. मध्ये पडणार नाही म्हटलं होतं, पण ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, मी कुठे जाऊ? म्हटलं, ‘पोरगी विसरभोळी आहे, खोटारडी नाही. एकदाच खोटं बोलली, तेही माझ्या टाचांच्या लाजेने.’

ती म्हणाली, ‘एकदाच बोलली, पण दीड महिना बोलत राहिली.’

मी बशी पुसत बसले. मग तीच म्हणाली, ‘कुलूप हातात असताना बोलली, हेही आहे. कुलूप लागल्यावर सांगणारे मला पुष्कळ भेटले.’

निघताना लिंबाखाली उकिडवी बसून माती चाळवून गेली. मुळं न दुखावता एका बाजूने खणता येईल म्हणे. जागेचं काय ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. चार वेळा विचारायचं मनात आलं, चारही वेळा धाकटीने पाय दाबला.

आजी

३० जून

प्रिय आजी,

मोजे इतक्यात मोजू नकोस.

कायम जागा मला मिळाली नाही. ती खणकामावरच्या ताईला दिली, आणि ती माझ्यापेक्षा जुनी आहे, चांगलीही आहे. पण साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर खापरबाईंचं पत्र होतं. मला आणखी एक वर्ष दिलंय : लिंबाखालचे तुकडे काढायचे, नोंदवायचे, आणि खापरबाईंच्या पोत्यातल्या झिजलेल्या कडा तुझ्या कडेशी ताडून बघायच्या. पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘हिच्या प्रत्येक नोंदीची सर्व पानं तपासावीत.’ साहेबांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. बरोबर केलं.

वर्षानंतर काय ते माहीत नाही. पण या वर्षात लपवायला काही नाही.

नवं कार्ड उतरवून पाठवते. धाकट्या आजी, हे सगळं वाचून दाखवा, एक शब्द न गाळता.

‘अँफोराचा तुकडा, खांदा व दुहेरी दांडीच्या कानाचा बुंधा. लाल माती, ज्वालामुखीची काळी वाळू. रोमन. सापडला : घराच्या मागे, लिंबाच्या खड्ड्यात, गुडघाभर खोल. पहिला वापर : दारूची वाहतूक. दुसरा वापर : टाचा घासणे. वापरणारी एकच व्यक्ती, आधी उजव्या हाताने, मनगट मोडल्यावर डाव्या हाताने. माहिती खुद्द वापरणारीकडून. निवेदन दोन पानी, अंगठ्यासह.’

पहिल्या पेटीत तो परत ठेवलाय. शेजारी खापरबाईंनी काढलेलं तुझ्या टाचेचं चित्र आहे. लोक पुढे जात नाहीत. उभे राहतात, वाचतात, आणि मग हळूच स्वतःच्या पायांकडे बघतात.

वजरी मात्र तुला परत मिळणार नाही, आजी. हे मला आधीच सांगायला हवं होतं.

तुझी भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस,

कार्ड ऐकलं. धाकटीला दोनदा वाचायला लावलं, मग शेजारणीच्या सुनेकडून एकदा, म्हणजे धाकटीने काही गाळलं नाही ना ते कळावं. गाळलं नव्हतं. ‘आधी उजव्या हाताने’ इथे धाकटी थांबून चष्मा पुसायला लागली. मी नाही. माझ्या डोळ्यात नुसती धूळ गेली होती.

त्या सुनेनेच धाकटीने वहीत उतरवून ठेवलेली माझी आधीची पत्रंही वाचली. त्या दोन वळशांच्या आतलं सगळं. आता मला कळलंय शोभा काय असते. धाकटीशी मी कालपासून बोलत नाही. हे तीच लिहिते आहे, आणि तिने ते तसंच लिहावं असं मी तिला सांगितलंय, म्हणजे तेवढंच बोलले.

वजरीचं मनाला लावून घेऊ नकोस. खापरबाईने नवं पाठवलंय. कुंभाराकडून मुद्दाम करून घेतलेलं, तसल्याच काळ्या वाळूचं, तसलीच मूठ. सोबत चिठ्ठी : आठवड्यातून दोनदा वापरावे, हात बदलू नये, दर तीन महिन्यांनी कडेचा ठसा मेणावर घेऊन पाठवावा. माझ्या टाचांना काम लागलं आहे. तुझं एक वर्षाचं, माझं जन्माचं. कोण कायम झालं ते बघ.

(धाकटीची भर : ठसे मी घेणार. नोंद मी ठेवणार. हे वाचून दाखवलं आहे.)

तुम्ही लिंबाखाली खणायला याल तेव्हा जेवण इथेच. पण सामान तिकडून लागेल, त्यासाठी आधी माणसाबरोबर पाठव : सुकी अंजिरं, मऊ बघून, दाबून, मागे आणलीस तशी दगडासारखी नकोत, त्यांचीही कोणीतरी झीज मोजत बसेल. खारट बिस्किटं दोन डबे. आणि खापरबाईला आवडतं ते खारवलेलं चीज, जरा जास्तच पाठव, कारण ते धाकटीला आवडत नाही असं ती सांगते.

आजी